रंगीत नाश्ता

इडली, डोसा, घावन, पुरी, उपीट अशा रोजच्या न्याहारीला भाज्या, फुले किंवा खाद्यरंग घालून घरच्या घरी वेगळा रंग आणण्याची पद्धत. मुंबईत तिचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे बालवाडीतले मूल. शाळेत ‘रेड डे’ किंवा ‘यलो डे’ असला की कपड्यांबरोबर डबाही त्याच रंगाचा लागतो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला तिरंगी इडल्या-ढोकळे होतात. नवरात्रात दिवसाचा रंग साडीइतकाच ताटातही आणण्याची हौस असते. उपास करणाऱ्यांची मात्र पंचाईत, कारण अनेक घरांत उपासाला हळद चालत नाही आणि साबुदाण्याची खिचडी नऊही दिवस पांढरीच राहते.

लाल-गुलाबीसाठी बीट, केशरीसाठी गाजर, हिरव्यासाठी पालक, पिवळ्यासाठी हळद आणि निळ्यासाठी गोकर्णाची फुले वापरतात. रंग शेवटपर्यंत कसा राहील, हे बरेचसे पिठाच्या आंबटपणावर ठरते. पालकातले हरितद्रव्य आंबट पिठात वाफवले की त्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि इडली शेवाळी दिसते. म्हणून हिरवा रंग हवा असेल तर न आंबवलेल्या तांदळाच्या पिठाचे घावन उत्तम. ते तव्यावर पटकन होते, त्यामुळे पालकाला काळवंडायला वेळच मिळत नाही. पालक उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर ठेवून लगेच गार पाण्यात टाकावा आणि मग वाटावा.

बीटाचे नेमके उलटे आहे. त्याच्या रंगाला सौम्य आंबटपणा मानवतो, पण उष्णता नाही. त्यामुळे बीटाचा रस पीठ आंबल्यावर, इडलीपात्र लावण्याच्या अगदी आधी घालावा. फार वेळ वाफवलेली इडली फिकट होत जाते. गाजराचा कॅरोटीन या सगळ्यांत समंजस, आंबटपणाला आणि वाफेला फारशी दाद देत नाही. हळद सोड्याशी भेटली की लालसर होते. ढोकळ्यावर तांबडे ठिपके दिसतात ते यामुळेच. गोकर्णाच्या पाण्यात शिजवलेले बिनहळदीचे उपीट निळे होते आणि वर लिंबू पिळताच जांभळ्याकडे झुकते. मुलांना हा खेळ इतका आवडतो की उपीटही संपते, ही त्यातली खरी कमाई.

तिरंगी ढोकळ्यात प्रत्येक थर किंचित वाफवून, वरचा भाग घट्ट झाल्यावरच पुढचा ओततात. घाई केल्यास थर एकमेकांत मिसळतात.

बाटलीतल्या रंगाचे काम सोपे, पण चव शून्य. भारतात ठरावीक कृत्रिम खाद्यरंगांनाच परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि मर्यादित प्रमाणात. बिनलेबलच्या सुट्या पुड्या टाळाव्यात. मेटॅनिल यलो हा खाण्यास मनाई असलेला पिवळा रंग भेसळीत सापडतो.