भूर्जाच्या सालीतलं डांबर

नेदरलँड्समध्ये हेगजवळच्या किनाऱ्यावर 2016 साली चकमकीच्या दगडाची एक लहानशी कपची सापडली. तिच्यावर काळा, घट्ट लेप होता. हा किनारा 'झांडमोटर' म्हणून ओळखला जातो. 2011 मध्ये उत्तर समुद्राच्या तळातली दोन कोटी घनमीटरहून जास्त वाळू उपसून तो तयार केला. म्हणजे कपची समुद्रतळातली. हिमयुगात पुष्कळ पाणी बर्फात अडकलेलं असल्याने तिथे तेव्हा कोरडी जमीन होती. कार्बन-14 पद्धतीने लेपाचं वय सुमारे 50,000 वर्षं निघालं, म्हणजे काळ निअँडरथलांचा, आपल्या जवळच्या पण आता नामशेष झालेल्या मानवजातीचा. आणि लेप निघाला भूर्जाच्या, म्हणजे बर्च झाडाच्या, सालीचं डांबर!

'निअँडरथल' हा शब्द अजूनही अडाणी, रानटी माणसासाठी शिवीसारखा वापरतात. तो वापरणाऱ्यांनी हे डांबर करून तरी बघावं.

भूर्जाची साल उघड्यावर पेटवली की भुरकन जळते. हवा तोडून तीच साल 350 ते 400 अंश सेल्सियसपर्यंत तापवली, तर तिला जळायला ऑक्सिजन मिळत नाही. मग सालीतले बेट्युलिन, सुबेरिन असे मोठे रेणू तुटतात, त्यांची वाफ होते आणि ती निवली की काळं, चिकट डांबर साठतं. उष्णता कमी पडली तर काहीच निघत नाही, हवा शिरली तर राख. आपल्याकडे हिमालयातल्या याच कुळातल्या झाडाच्या सालीवर, भूर्जपत्रावर, पोथ्या लिहिल्या गेल्या. आता त्याच सालीवर 'धनप्राप्ती यंत्रं' लिहून विकतात. साल शतकानुशतकं टिकते ती सुबेरिन-बेट्युलिनमुळे. तिने कुणाला धन मिळत नाही.

2019 मध्ये प्रयोगांतून एक सोपी रीतही दिसली: सपाट दगडाला लागून साल जाळायची आणि दगडावर साठलेलं डांबर खरवडायचं. मग निअँडरथलांचं कौतुक कशाला, असं काहींना वाटलं. त्याचं उत्तर जर्मनीतल्या कोनिग्सआउए इथल्या, 1963 साली कोळशाच्या खाणीत मिळालेल्या, निअँडरथलांच्या काळातल्या डांबराच्या दोन गोळ्यांनी दिलं. निरनिराळ्या रीतींनी मुद्दाम डांबर करून त्यांची रासायनिक घडण या गोळ्यांशी ताडून पाहिली, तेव्हा 2023 मध्ये निष्कर्ष निघाला की हे डांबर जमिनीखाली, हवा कोंडून केलेलं होतं. पुरलेल्या सालीचं आत काय चाललंय ते करणाऱ्याला दिसत नाही. किती साल, किती विस्तव, कधी उकरायचं, हे आधीच ठाऊक असावं लागतं.

त्यातल्या एका गोळ्यावर बोटाचा ठसा आहे. मऊ असताना कुणीतरी ती दाबली होती.