वाइल्डकॅट काडतुसं आणि ३००० फुटांचा नाद : पार्श्वभूमी

कोल्हापुरात नेमबाजीचा नाद असलेली चार डोकी एकत्र आली की आधी पदकं, मग गोळ्यांचे दर, आणि मग विषय हळूच लाँग रेंजकडं वळतो. कुणाचा तरी भाऊ नाहीतर मेव्हणा अमेरिकेत असतोच, त्याला हजार यार्डांवर मारायला वाइल्डकॅट रायफल, म्हणजे कंपनीचं नाही तर हौशी माणसानं असलेल्या काडतुसात फेरफार करून बनवलेलं काडतूस मारणारी, बनवून घ्यायची असते आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, सगळ्यात फास्ट कुठलं? हाच प्रश्न पहिला का येतो याला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि माझ्या मते त्यातला निम्मा जाहिरातीचा आहे.

लांबचं मारणं काय वेगामुळं सुरू झालं नाही. १८७४ ला न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर अमेरिकन आणि आयरिश टीम ८००, ९०० आणि १००० यार्डांवर भिडल्या, तेव्हा काळी दारू, जड शिशाच्या गोळ्या आणि आजच्या मानानं निम्म्याहून कमी वेग होता. ९३४ विरुद्ध ९३१ असा निकाल लागला, म्हणजे किती घासून ते बघा. १८८४ नंतर फ्रान्सात बिनधुराची दारू आली आणि सगळ्या फौजांनी बारीक बोअरच्या (नळीचं भोक लहान असलेल्या) रायफली घेतल्या, तो भाग सगळ्यांना माहीत आहे.

खरा घोळ १९१५ चा. एका अमेरिकन डिझायनरनं .२५ इंच बोअरचं छोटं काडतूस काढलं. त्याचं म्हणणं होतं की यात १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घाला, २८०० फूट पर सेकंदच्या आसपास वेग मिळेल आणि हरणाबिरणाला ती बरी पडेल. कंपनीला मात्र ३००० चा आकडा पाहिजे होता कारण तोपर्यंत बाजारातल्या अमेरिकन काडतुसानं तो गाठलाच नव्हता. १०० ग्रेननं ते होत नव्हतं म्हणून गोळी ८७ ग्रेनवर आणली, ३००० झाले, आणि आकडा सरळ नावातच घालून टाकला, .२५०-३०००. कंपनीच्या बाजूनं बोलायचं तर माल खपला, हरणं पण पडली, मग चुकलं काय असं आजही विचारणारे आहेत.

चुकलं ते बॅरलमध्ये. हलकी गोळी आखूड असते, तिला स्थिर ठेवायला कमी फिरकी पुरते, म्हणून रायफलिंगचा, म्हणजे बॅरलच्या आतल्या वळणदार खाचांचा, ट्विस्ट चौदा इंचात एक फेरा असा ठेवला. पुढं १०० ग्रेनची गोळी बाजारात आली तेव्हा काही रायफली ती नीट मारायच्या आणि काहींचा ग्रुप (एका निशाण्यावर लागलेल्या गोळ्यांचा झुपका) पसरायचा. म्हणजे आकड्यासाठी गोळी हलकी केली, गोळीसाठी ट्विस्ट ढिला ठेवला आणि त्या ट्विस्टनं पुढच्या सगळ्या जड गोळ्यांची वाट अडवली. लोक वेगावर तासन्‌तास बोलतात आणि ट्विस्टवर एक वाक्य पण बोलत नाहीत, याचा मला जाम राग येतो.

याच .२५० ची पुंगळी (दारू भरायची पितळी नळी) घेऊन तिची मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, .२२ पर्यंत आवळायची हा प्रयोग १९३० च्या दशकात बऱ्याच जणांनी आपापल्या गॅरेजमध्ये केला आणि त्यातनं .२२-२५० तयार झालं. मोठ्या कंपनीनं १९३५ ला स्वतःचं .२२० स्विफ्ट आणलं, ४८ ग्रेनची गोळी आणि ४१०० च्या वर वेग, पण पुंगळी मात्र जुन्या नौदलाच्या ६ मिमी काडतुसाची घेतली. स्विफ्टनं थ्रोट (बॅरलमध्ये गोळी शिरते ती जागा) जळतो अशी ओरड लगेच सुरू झाली, काही खरी, काही अर्धवट, पण नाव खराब झालं ते झालंच. .२२-२५० तीस वर्षं वाइल्डकॅटच राहिलं. १९६३ ला एका कंपनीनं त्याची रायफल बाजारात आणली तेव्हा फॅक्टरीचं काडतूस मिळतच नव्हतं, घेणाऱ्यानं घरी भरायचं. फॅक्टरीचं आलं १९६५ ला, आणि ट्विस्ट? परत चौदाला एक. ५५ ग्रेनपर्यंत मस्त, त्याच्या वर गेलात की बॅरल बदला.

दुसरी शाखा आपल्या ओळखीच्या पुंगळीची. ७×५७ माउजर, जी इंग्रज .२७५ म्हणून विकायचे आणि कुमाऊंच्या नरभक्षकांमागं फिरणाऱ्या शिकाऱ्यामुळं जी भारतात घराघरात माहीत झाली, तिचीच मान आवळून तिकडं एक .२५ चं वाइल्डकॅट झालं आणि १९३४ ला ते फॅक्टरीत गेलं. त्याच कुळात १९५५ ला .२४४ आलं. त्याच वर्षी समोरच्या कंपनीचं .२४३ पण आलं. दोन्ही ६ मिमी, दोन्ही गावठी प्रयोगांतनं उचललेली, उलट .२४४ च्या पुंगळीत दारू थोडी जास्तच मावायची. पण .२४४ चा ट्विस्ट बाराला एक, .२४३ चा दहाला एक. १०० ग्रेन मारायचे तर .२४३ घ्या हे लोकांच्या डोक्यात बसलं आणि .२४४ आपटलं. पुढं कंपनीनं ट्विस्ट नऊला एक केला, १९६३ ला नाव सुद्धा बदलून ६ मिमी केलं, तरी गेलेलं गिऱ्हाईक काय परत आलं नाही. ३००० चा हट्ट आणि हे अपयश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं कुणी म्हणेल, मला त्या एकच वाटतात.

.२५-०६ ची गोष्ट वेगळी. ३०-०६ या अमेरिकन फौजी काडतुसाची मान .२५ ला आवळायची कल्पना १९२० च्या आसपासची, पण एवढ्या मोठ्या पुंगळीतनं एवढ्या बारीक भोकातनं ढकलायला हळू जळणारी दारूच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर २० मिमी तोफांसाठी बनवलेली दारू शिल्लक पडली, ती स्वस्तात विकली गेली आणि असल्या सगळ्या ओव्हरबोअर (भोकाच्या मानानं पुंगळी मोठी असलेल्या) वाइल्डकॅटना एकदम जीव आला. फॅक्टरीत जायला तरी १९६९ उजाडलं. याच सुमाराला पुंगळीचा उतार कमी करून खांदा (मानेखालचा तिरका भाग) ४० अंशांचा करायची 'इम्प्रूव्हड' पद्धत पण गाजली. वेग थोडा वाढतो हे खरं, पण तिचा जास्त उपयोग म्हणजे पुंगळी लांबत नाही, सारखी छाटावी लागत नाही. विकणारे मात्र वेगच सांगत राहिले.

आता हजार यार्डांचं बघू, कारण निवड करणाऱ्याला शेवटी तिथंच मारायचं असतं. तिथं गोळी खाली किती पडते हा प्रश्न नाही, ते टेबल बघून स्कोपचे क्लिक फिरवले की झालं. प्रश्न वाऱ्याचा. वारा गोळीला किती ढकलणार हे हवेनं तिला किती उशीर लावला त्यावर ठरतं, म्हणजे हवाच नसती तर जेवढ्या वेळात पोचली असती त्यापेक्षा जेवढा जास्त वेळ लागला तेवढं ढकलणं. गोफणीतनं ढेकूळ आणि गोटा दोन्ही भिरकावून बघितलेल्या माणसाला हे समजवायची गरज नाही. लांब, जड, टोकदार गोळी बॅरलमधनं हळू निघते पण वेग टिकवून ठेवते, आणि असली लांब गोळी फिरवायला घट्ट ट्विस्ट लागतो.

हे मॅच मारणाऱ्यांना कळलं आणि १९९० च्या दशकात ६.५-२८४ चढलं. पुंगळी १९६३ च्या .२८४ ची, मान आवळून ६.५ मिमी, १४० ग्रेनच्या आसपासची गोळी, ट्विस्ट साधारण आठला एक. युरोपात १९९९ ला त्याला अधिकृत मापं मिळाली. वेग २९०० च्या पुढं जायचा आणि त्याची किंमत बॅरल द्यायचं, मॅचवाले हजार-बाराशे राऊंडात बॅरल संपलं म्हणून मोजायचे. २००७ ला ६.५ क्रीडमूर आलं, त्या जुन्या रेंजचंच नाव घेऊन, आणि ते त्याच १४० ग्रेनला २७०० च्या आसपास ढकलतं, म्हणजे मुद्दाम हळू. पण पुंगळी आखूड ठेवली, त्यामुळं लांब गोळी नेहमीच्या मॅगझिनमध्ये बसते, ट्विस्ट पहिल्यापासून आठला एक, आणि बॅरल दुप्पट तरी टिकतं. वेगवाल्या लोकांनी त्याला हसून घेतलं. हसणाऱ्यांपैकी किती जणांच्या कपाटात आज ते आहे ते विचारू नका.

त्यानंतरची मॅचमधली वाइल्डकॅट बघितली तर दिशा अजून साफ होते. ६ मिमी बीआर या छोट्या मॅच काडतुसाचा खांदा पुढं सरकवून ४० अंश केलेलं डॅशर घ्या, छोटी पुंगळी, थोडी दारू, १०५ ग्रेनच्या आसपासची लांब गोळी, धक्का इतका कमी की आपलीच गोळी कुठं लागली ते स्कोपमधनं स्वतःला दिसतं. दुसऱ्या टोकाला मोठमोठे मॅग्नम वाइल्डकॅट पण आहेतच, दोन हजार यार्डांच्या नादवाल्यांचे, तिथं वेगाला खरंच अर्थ आहे कारण गोळी आवाजाच्या वेगाखाली यायच्या आत पोचली पाहिजे. पण तिथंही आधी जड गोळी ठरते, मग पुंगळी.

आपल्याकडचा इतिहास कायद्याचा. इंग्रजांनी फौजेची बोअर लोकांच्या हातात नको म्हणून .३०३ अडवली, गेल्या शतकाच्या सुरुवातीला .४५० वर बंदी आणली, त्यावर लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवीनच काडतुसं काढली, आणि .३१५ जी इथं रुजली ती आजपर्यंत. वाइल्डकॅट मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यात बसतच नाही, कारण बिनपरवाना काडतूस बनवणं किंवा बंदुकीत फेरफार करणं हा गुन्हा आहे. उद्यमनगरातल्या लेथवर काय काय होऊ शकतं हे मला सांगू नका, असल्या कामाला लायसन्सच लागतं.

म्हणून इथली पोरं ज्यावर वाढली ती .२२ रिमफायर, पेटायचा मसाला पुंगळीच्या कडेत असलेलं छोटं काडतूस. कांबळवाडीच्या पोरानं, स्वप्नील कुसाळेनं, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरवर पदक घेतलं ते पण त्यावरच. त्या काडतुसाची पुंगळी परत भरता येत नाही, मान आवळायचा प्रश्नच नाही, आणि मॅचच्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, साधारण १०५०-१०७० फुटांवर ठेवतात. निवड असते ती फक्त लॉटची, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेल्या खेपेची. एकाच कंपनीच्या एकाच मालाचे वेगवेगळे लॉट आपल्या बॅरलमधनं मारून बघायचे, ज्याचा ग्रुप सगळ्यात घट्ट येईल त्या लॉटच्या जमतील तेवढ्या पेट्या घेऊन ठेवायच्या.