सराव पेपर वेगळे, भीती घालवणं वेगळं

प्रिलिम आटोपली की अप्पा बळवंत चौकात प्रश्नपत्रिका संचांसाठी पालकांची रीघ लागते. 'पेपर हातात आला की आमची मुलगी ब्लँक होते' म्हटलं, की जो तो सांगतो, 'अजून पेपर सोडवून घ्या, भीड चेपेल.' समुपदेशकही भीतीला सामोरं जायलाच सांगतात, म्हणून दोन्ही सल्ले एकच वाटतात. मी दहावीला गणित शिकवते. हे दोन्ही सल्ले एकच समजल्यामुळे मुलांचे किती हाल होतात, ते मी जवळून पाहिलंय.

सराव पेपर अभ्यास जोखतो: वेळ पुरतो का, भूमिती कच्ची आहे का. ज्याला चारचौघांसारखी धाकधूक होते, त्याला तेवढं पुरतं. पण जिचे हात गार पडतात, काल सोडवलेलं गणित आज ओळखीचंही वाटत नाही, तिला दर रविवारी टेस्टला बसवलं तर ती दर रविवारी घाबरण्याचाच सराव करते. वर तिचे मार्क पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर!

समुपदेशक वापरतात त्या वर्तनोपचारात, म्हणजे वागण्याची सवय हळूहळू बदलणाऱ्या उपचारात, भीती घालवायची सुरुवात तळापासून, सगळ्यात कमी भीतीच्या गोष्टीपासून होते. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने 1958 साली ही पद्धत पुस्तकातून मांडली. आधी एकेक स्नायू आवळून सैल सोडायला शिकायचं. मग मुलानेच आपल्या भीतीची शिडी लिहायची आणि प्रत्येक पायरीला 0 ते 100 मध्ये आकडा द्यायचा. आदल्या रात्री कंपास भरणं 20, केंद्राच्या फाटकाशी उभं राहणं 45, पर्यवेक्षक पेपर वाटत जवळ येतायत 90. शरीर सैल ठेवून खालची पायरी डोळ्यांसमोर आणायची, ती निवांत वाटू लागली की वरची. पुढे हेच प्रत्यक्षात करायचं.

पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं, हे फार महत्त्वाचं. पोट दुखतंय म्हणून पेपर सोडून घरी आलं की लगेच हायसं वाटतं, आणि तो सुटकेचा आनंदच पुढच्या वेळी पळायला शिकवतो. शिडीच्या वरच्या टोकाला तीच घंटा, तेच बाक, अनोळखी पर्यवेक्षक असतात. दिसायला अगदी सराव परीक्षाच. फक्त उत्तरपत्रिका कुणी तपासत नाही.

अर्थात, भीती गेली म्हणून मार्क आपोआप वाढत नाहीत. अभ्यासाची पद्धतच चुकत असेल तर तीही सुधारावी लागते.

आपल्या मुलाला काय हवंय, हे ओळखायला मी पालकांना एक साधी गोष्ट करायला सांगते. चुकलेलं गणित चार दिवसांनी, घड्याळ न लावता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा द्या. तिथेही अडलं तर प्रश्नसंच आणा. तिथे सहज सुटलं तर संच बाजूला ठेवा आणि समुपदेशकाची वेळ घ्या. कुणाकडे जावं कळत नसेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.