कृत्रिम हिरवळीखालील चिकणमातीचा निचरा

चिकणमातीच्या अंगणात कृत्रिम हिरवळ अंथरण्यापूर्वी जमिनीचे उतार, अंगणात येणारे पाणी आणि ते बाहेर पडण्याची वाट यांची जी व्यवस्था लावली जाते, तिला येथे निचरा म्हटले आहे. पावसाच्या पाण्याला हिरवळीच्या गालिच्यातून, त्याखालील खडीतून आणि शेवटी मूळ जमिनीतून जावे लागते. पहिले दोन थर ते सहज सोडतात, तिसरा अडवून धरतो. गालिच्याच्या पाठीला भोके असल्याने वर डबके साचत नाही आणि निचऱ्याचा प्रश्न सुटला असे वाटते. पाणी मात्र हातभर खाली तसेच उभे असते.

चिकणमातीचे कण ०.००२ मिमी.पेक्षा लहान आणि चपटे असतात. त्यांच्यामधील पोकळ्यांचे एकूण प्रमाण कमी नसते, पण प्रत्येक पोकळी इतकी सूक्ष्म असते की पाणी तिच्यातून पुढे सरकण्यापेक्षा कणांना धरून राहते. वाळूमय जमिनीत ताशी ३० मिमी.हून अधिक पाणी मुरू शकते, तर चिकणमातीत हा वेग साधारणतः ताशी १ ते ५ मिमी. एवढाच असतो. शिवाय काही प्रकारची चिकणमाती वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगते. भेगाळलेल्या जमिनीवर ओतलेले पाणी क्षणात नाहीसे होते, म्हणून कोरड्या दिवसांत घेतलेली चाचणी हमखास फसवते. सुमारे ३० सेंमी. खोल खड्डा पाण्याने भरून तो पूर्ण मुरू द्यावा, पुन्हा भरावा आणि या दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते मोजावे.

या मंद वेगाचा परिणाम एका साध्या हिशेबाने कळतो. खडीच्या थरात सुमारे ३० टक्के पोकळी धरली, तर १० सेंमी. जाडीचा थर दर चौरस मीटरला ३० लिटर, म्हणजे ३० मिमी. पावसाचे पाणी साठवतो. खालची माती ताशी २ मिमी. या गतीने पाणी घेत असेल, तर तो थर रिकामा व्हायला १५ तास लागतात, आणि तेवढ्यात दुसरी सर आली की पाणी वर चढू लागते. चिकणमातीत खोदून खडी भरलेला खड्डा हा अशा रीतीने एक हौद असतो. ‘आणखी खोल खणा’ हा वारंवार मिळणारा सल्ला हा हौद फक्त मोठा करतो. साचलेल्या पाण्याने माती मऊ पडते, पायाखालची खडी तिच्यात रुतते आणि वरचा गालिचा लाटांसारखा उंचसखल होतो. पाळीव प्राणी असल्यास मूत्र वाहून न गेल्याने दुर्गंधीही येते. सारांश इतकाच की येथे पाणी खाली मुरेल या भरवशावर न राहता त्याला बाजूला न्यावे लागते.

म्हणून कामाची सुरुवात पाणी जाणार कोठे येथून करावी. पाणी बाहेर नेण्यासाठी जी सच्छिद्र नळी पुरायची, तिचे बाहेरचे तोंड आधी निश्चित करून तेथून मागे मोजत यावे : दर १०० सेंमी.ला १ सेंमी. उतार दिला, तर १५ मीटर लांबीत नळी १५ सेंमी. खाली जाते, म्हणजे सुरुवातीला ४० सेंमी. खोल असलेली नळी शेवटी त्याच पातळीपासून ५५ सेंमी. खाली असते, आणि तिचे तोंड उघडे पडण्यासाठी तेथील जमीन त्याहूनही खाली असावी लागते. तशी जागा नसेल, तर पाणी एका टाकीत गोळा करून पंपाने उपसावे लागते. शोषखड्डा हा पर्याय चिकणमातीत बहुधा निकामी ठरतो, कारण त्याच्या भिंतीही त्याच मातीच्या असतात. शेजाऱ्याच्या हद्दीत पाणी सोडणे हा उपाय नव्हे.

येणारे पाणी कमी करणे हे नळी पुरण्यापेक्षा स्वस्त आणि अधिक परिणामकारक असते, तरी त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ५० चौ. मी. छपरावर २० मिमी. पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होते. पन्हळीचे तोंड अंगणात उघडत असेल, तर ते सगळे गालिच्याखाली शिरते. ते बंद नळीने थेट बाहेर काढावे आणि ही नळी निचऱ्याच्या सच्छिद्र नळीला जोडू नये. चढाकडून वाहत येणारे पाणी वरच्या कडेला उथळ, रुंद चर काढून वळवावे.

यानंतर मूळ जमिनीला घरापासून दूर जाणारा, दर मीटरला १ ते २ सेंमी. उतार द्यावा, अंगण रुंद असल्यास कासवाच्या पाठीसारखा दोन्हीकडे द्यावा. हा उतार चिकणमातीलाच द्यावयाचा असतो. माती सपाट ठेवून वरच्या खडीला उतार देण्याची चूक सर्रास होते. त्यात वरचा देखावा बरोबर दिसतो आणि खाली पाणी जागच्या जागी राहते. ओल्या मातीत हे काम करू नये, कारण फावड्याने पृष्ठभाग लिंपल्यासारखा होऊन उरलीसुरली छिद्रेही बुजतात. तळहातावर मातीची दोरी वळून पाहावी : ती ३ मिमी.पेक्षा बारीक होऊनही तुटत नसेल, तर माती अजून फार ओली आहे. आल्बर्ट आटेरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मातीच्या ओलाव्याच्या ज्या मर्यादा सुचवल्या, त्यांतूनच ही कसोटी आली आहे.

खडीने भरलेल्या निचरा-चराला इंग्रजीत ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच या अमेरिकन लेखकाने १८५९ मध्ये शेतीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिला, त्याच्या आडनावावरून हे नाव पडले. अंगणासाठी चर सुमारे ३० सेंमी. रुंद आणि ४५ ते ६० सेंमी. खोल पुरतो. त्यात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड अंथरून धुतलेली खडी घालतात, तिच्यावर १०० मिमी. व्यासाची सच्छिद्र नळी भोके खाली करून ठेवतात आणि पुन्हा खडी भरतात. भोके खाली असली की चरातील पाण्याची पातळी थोडी चढताच पाणी नळीत शिरते. चिकणमातीतून पाणी आडवेही फार सावकाश सरकते, त्यामुळे चर आपल्या आजूबाजूची थोडीच माती कोरडी करू शकतो. त्याचे खरे काम खडीच्या थरातील पाणी ओढून घेणे हे आहे. म्हणून चरातील खडी वरच्या थराशी अखंड जोडलेली हवी, मध्ये मातीचे झाकण नको.

माती सुधारण्याच्या उपायांचा येथे उपयोग थोडा. चिकणमातीत बेताची वाळू मिसळली, तर ती विटेसारखी घट्ट होते. माती मोकळी करण्यासाठी घालतात त्या जिप्सम या खनिजाचा गुण सोडियमयुक्त जमिनीतच येतो. कंपोस्ट बागेच्या वाफ्यात उत्तम, पण गालिच्याखाली ते कुजून बसते आणि पृष्ठभाग खचतो.

उतार दिलेल्या मातीवर न विणलेल्या प्रकारचे जिओटेक्स्टाइल अंथरतात, म्हणजे चिखल खडीत वर चढत नाही. त्यावर कोनदार, भुकटीविरहित खडी थराथराने घालून धुमसतात. एकूण जाडी १० ते १५ सेंमी. ठेवतात. सर्वांत वर २ ते ३ सेंमी. बारीक खडी असते. तिच्यात दगडाची भुकटी फार असेल, तर ती बसून कडक होते आणि भोकांतून आलेले पाणी तेथेच अडते.

गालिचा चिकटवण्यापूर्वी वरच्या टोकाला नळाचे पाणी सोडून ते नळीच्या तोंडाशी केव्हा आणि किती येते ते पाहावे. खडी उघडी असताना दोष सापडला, तर फावड्याने दुरुस्त होतो. नंतर सांधे उकलून आणि गालिच्यात भरलेली वाळू काढून तेथवर पोहोचावे लागते. नळीच्या वरच्या टोकाला उभी, झाकण असलेली नळी जोडून ठेवल्यास साचलेला गाळ पुढे पाण्याच्या जोराने धुऊन काढता येतो.