प्रोग्रॅमला फसवणारी चौकट

बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत (व्हीटीयू या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालयच इथं) प्रोजेक्टच्या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. सी भाषेतला साधा प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर नीट चालतो: नाव विचारतो, मार्क विचारतो, निकाल सांगतो. परीक्षकांपुढे तो जरा देखण्या खिडकीत दाखवावा म्हणून पोरं त्याचं आउटपुट पाइपमधून (एका प्रोग्रॅमचा मजकूर दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळीतून) एका चौकटीत आणतात, आणि चौकट कोरीच राहते. अंदाजानं उत्तरं देत गेलं, तर प्रोग्रॅम संपताना सगळे प्रश्न एकदम बाहेर पडतात.

यात पोरांची चूक नाही. समोर टर्मिनल (म्हणजे तो काळा पडदा) आहे का, हे सी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमसाठी छापण्याचं काम करणारा तयार कोड, आधी तपासते. टर्मिनल असेल तर मजकूर ओळीओळीनं सोडते. पाइप असेल तर बफर (मजकूर तात्पुरता साठवायची जागा) भरेपर्यंत थांबते. लिनक्सवर तो बहुधा 4096 बाइटचा. निपाणीकडचं वडाप जसं, सीट भरल्याशिवाय हलायचं नाही!

प्रोग्रॅम आपलाच असेल तर बफर रिकामा करण्याची सूचना त्यात घालता येते. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमचं काय? शिवाय दूरच्या संगणकावर लॉगिन करून देणाऱ्या एसएसएचसारखे प्रोग्रॅम पासवर्ड मागताना पाइपला जुमानतच नाहीत, थेट टर्मिनल शोधतात.

मग सरळ फसवायचं. लिनक्समध्ये 'स्यूडो-टर्मिनल' नावाची दोन टोकांची जोडी मिळते. एक टोक खिडकीकडे, दुसरं प्रोग्रॅमकडे. प्रोग्रॅमला वाटतं खरंच टर्मिनल आहे. मधे कर्नल (लिनक्सचा गाभा) बसलेला असतो: टाइप केलेलं अक्षर परत दाखवणं, पासवर्डच्या वेळी ते लपवणं, कंट्रोल-सी दाबल्यावर येणाऱ्या 3 क्रमांकाच्या बाइटचं प्रोग्रॅम थांबवणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं, ही त्याची कामं.

उरलेलं काम विजेटचं, म्हणजे खिडकीत बसवायच्या तयार टर्मिनल-चौकटीचं. जीटीके आणि क्यूटी ही खिडक्या बनवायची साधनं. जीटीकेसाठी व्हीटीई (गनोम टर्मिनल त्यावरच उभं आहे), क्यूटीसाठी क्यूटर्मविजेट. 27 क्रमांकाचा बाइट आणि त्यामागून '[31m' आलं, की ही अक्षरं छापायची नसतात, पुढचा मजकूर लाल करायचा असतो. ही खुणांची भाषा रूढ झाली ती डेक कंपनीच्या 1978 च्या व्हीटी100 या टर्मिनल-यंत्रामुळे. त्याचे 80 स्तंभ आणि 24 ओळी आजही बऱ्याच टर्मिनलांचं सुरुवातीचं माप आहेत.

आपल्याकडची गोची इथंच सुरू होते. टर्मिनल म्हणजे सारख्या घरांची जाळी, एका घरात एक अक्षर. 'बेळगाव' लिहिलं की 'बे'ची मात्रा शून्य रुंदीची धरतात; पण 'गा'च्या कान्याला वेगळं घर द्यायचं का, यावर आतला प्रोग्रॅम आणि बाहेरचं विजेट यांचं एकमत असेलच असं नाही. एकानं चार घरं मोजली आणि दुसऱ्यानं पाच, की कर्सर सरकतो आणि पुढची खोडाखोड भलत्याच अक्षरावर होते. जोडाक्षरांत आणखी हाल. कन्नडचीही गत तीच, तिची अक्षरं तर घरात मावता मावत नाहीत. म्हणून दोन्ही भाषांत चालणारा प्रोजेक्ट करणाऱ्यांनी विजेटकडून फक्त संवाद चालवून घ्यावा आणि मराठी-कन्नड निकाल शेजारच्या साध्या मजकूर-चौकटीत दाखवावा. तिथं घरं मोजायची नसतात.