सणासुदीला दुकानाची वेळ बदललीये, कारण वाचा

नमस्कार मंडळी,

फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे मुहूर्त बघतात आणि साडेतीन मुहूर्तांना आपल्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, ही तुमचीच कृपा. पण त्याच दिवशी काउंटरवरच्या ताईच्या घरीही गुढी असते, टेम्पोवर फ्रिज चढवणाऱ्या पोराची आईपण जेवायला वाट बघत असते, आणि तो रात्री साडेनऊला तिसऱ्या मजल्यावर डिलिव्हरी देऊन घरी जातो तेव्हा सण संपलेला असतो. हे आम्हाला पटत नाही.

म्हणून यंदापासून गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याला दुकान फक्त सकाळी १० ते १. लक्ष्मीपूजनाला दुपारी ४ ला बंद, दिवाळी पाडवा आणि भाऊबीज पूर्ण बंद. सणाच्या त्या ३ तासांत जो स्वतःहून येईल तोच कामावर, त्याला दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी. नाही आला तर कोणी विचारणार नाही. ईदला सुट्टी घेणारे आमचे दोघं दसऱ्याला आपणहून थांबतात, असं आपसात छान जमतं.

काहीजण म्हणतात कायद्याने तर ३६५ दिवस दुकान उघडं ठेवता येतं. बरोबर आहे, २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने कायद्याने ती मुभा दिलीये, पण त्याच कायद्यात कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे आणि वर्षाला ८ भरपगारी सुट्ट्यापण आहेत, म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवलेल्या आणखी ४. कमी माणसं असलेल्या दुकानांना हा कायदा पूर्ण लागू होत नाही, तरी आम्ही तो पाळतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडेंनी लढून मिळवली, ती दुकानातल्या माणसाला आज मागावी लागू नये एवढंच वाटतं. मतदानाच्या दिवशीही भरपगारी सुट्टी, तिथे तर प्रश्नच नाही.

मेडिकल, दूध, दवाखाना यांचं वेगळं, त्यांना थांबता येत नाही. टीव्ही एक दिवस थांबू शकतो ना?

मुहूर्त चुकेल ही काळजी करू नका. आठवडाभर आधी येऊन मॉडेल बघा, टोकन भरा, आम्ही वस्तू आदल्या दिवशी घरी पोचवतो, खोका तसाच ठेवा आणि मुहूर्तावर पूजा करून उघडा. दिवाळी पाडव्यालाही असंच करा. फिटिंगवाला दुसऱ्या दिवशी येईल, दिवाळी पाडव्याचं असेल तर भाऊबीज झाल्यावर. सणाची ऑफर आधीच्या ८ दिवसांतपण तीच राहील, भाव बदलणार नाही.

आणि सणाच्या दिवशी चालू फ्रिज बंद पडला तर बिलावरच्या नंबरला फोन करा, एक मेकॅनिक पाळीने फोनवर असतो, पण फक्त खरंच अडलं असेल तरच करा, प्लीज.