निसर्ग उद्यानाची सहकुटुंब सहल (विदर्भ)

निसर्ग उद्यानाची सहकुटुंब सहल : शहराच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून राखलेल्या वनखंडात, तलावाकाठी, वनस्पती उद्यानात अथवा प्राणिसंग्रहालयात मुलाबाळांसह दिवस घालवण्याची प्रथा. शोभेच्या बागेत झाडे लावून, छाटून आकाराला आणलेली असतात. निसर्ग उद्यानात मात्र मूळचे वृक्ष, गवत आणि पाणी शक्यतो जसे आहे तसे ठेवून माणसासाठी पायवाटा, बाके, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व मुलांचे झोके-घसरगुंड्या एवढीच भर घातलेली असते. विदर्भात अशा उद्यानांना जाणाऱ्यांत शहरवासीयांबरोबर आसपासच्या खेड्यांतील कुटुंबांचाही मोठा वाटा आहे, आणि त्यांच्या सहलीचे स्वरूप शहरी सहलीहून बरेच निराळे आहे.

जंगलाच्या शेजारी राहणाऱ्याने तिकीट काढून झाडे पाहायला का जावे, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतील अनेक गावांची शिवारे वनाला भिडलेली आहेत; परंतु तेथील जंगल हे कामाचे ठिकाण आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, त्यामागोमाग तेंदूपाने तोडणे, वर्षभर सरपण आणणे आणि गुरे चारणे यांसाठी माणसे तेथे जातात, आणि वाघाच्या हल्ल्यांत बळी पडणाऱ्यांत याच कामांसाठी गेलेल्यांची संख्या मोठी असते. लहान मुलांना घेऊन रमतगमत फिरण्याची ती जागा नव्हे. ताडोबा, पेंच किंवा टिपेश्वर येथील जिप्सीची सफारी शेतकरी-शेतमजूर कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे ज्या वाघाच्या धास्तीने दिवस मावळायच्या आत शेतातून परतावे लागते, तो निवांतपणे पाहायला मिळावा म्हणून गावकऱ्याला शहरात जावे लागते. पश्चिम विदर्भाची गोष्ट वेगळी आहे. अकोला, बुलडाणा व वाशीम जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीच्या सपाट पट्ट्यात कपाशी, तूर आणि सोयाबीनची शेते मैलोगणती पसरलेली असून मोठी झाडे बांधावरच काय ती उरली आहेत. तेथून येणाऱ्या कुटुंबाला उद्यानातली दाट सावली हेच पहिले आकर्षण असते.

या प्रथेचे सर्वांत जुने ठिकाण म्हणजे नागपूरची महाराजबाग. भोसल्यांच्या काळातील या बागेत १८९४ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पुढे ते कृषी महाविद्यालयाकडे आले. आज ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या व्यवस्थेखाली आहे. सीताबर्डीजवळ, अगदी शहराच्या मध्यात असल्याने कोर्टकचेरी, दवाखाना किंवा लग्नाच्या खरेदीसाठी नागपूरला आलेल्या माणसाने वेळात वेळ काढून महाराजबाग पाहावी आणि गावी जाऊन वाघ-सिंहाचे वर्णन करावे, हा अनेक पिढ्यांचा परिपाठ होता. जागा लहान आणि पिंजरे जुन्या पद्धतीचे, म्हणून या संग्रहालयावर टीकाही झाली आहे व ती बहुतांशी रास्त आहे; तरी स्वस्त तिकीट आणि हाकेच्या अंतरावरची बाजारपेठ या दोन सोयी दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी एकत्र मिळत नाहीत.

नागपूरच्या वायव्येस काटोल मार्गावरील गोरेवाडा हे याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण होय. विसाव्या शतकाच्या आरंभी शहराला पाणी पुरवण्यासाठी येथे तलाव बांधण्यात आला आणि त्याच्या भोवतीचे वन राखले गेले. या वनक्षेत्रातील बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानाचे उद्घाटन २६ जानेवारी २०२१ रोजी झाले. येथे वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी यांच्यासाठी स्वतंत्र, झाडीने भरलेली कुंपणबंद आवारे असून पाहुणे बंद बसमधून त्यांत फिरतात, म्हणजे प्राणी मोकळा आणि माणूस जाळीआड असतो. येथील बचाव केंद्रात विदर्भाच्या निरनिराळ्या भागांत माणसांशी संघर्ष झाल्यामुळे पकडलेले वाघ-बिबटही आणले जातात. साहजिकच अशा तालुक्यांतून आलेले प्रेक्षक बसमध्ये बसून ‘हा कोणत्या गावचा?’ अशी चौकशी करताना आढळतात.

नागपुरातच अंबाझरी तलावामागील जैवविविधता उद्यान गवताळ माळ व पक्ष्यांसाठी, तर सेमिनरी हिल्सवरील बालोद्यान मुलांच्या खेळांसाठी परिचित आहे. अमरावतीजवळ वडाळी येथे बांबूच्या अनेक जाती लावलेले उद्यान असून चंद्रपूर-बल्लारपूर मार्गावर विसापूर येथे अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाचे वनस्पती उद्यान आहे.

सहलीचा काळ शेतीच्या कामांवर ठरतो. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास जोर धरते, त्यामुळे शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघत असल्या तरी घरच्या मोठ्या माणसांना सवड मिळते ती बहुधा संक्रांतीच्या पुढेमागे. उन्हाळी सुट्टी येथे लांब असते, कारण विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात; मात्र पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जाणाऱ्या दिवसांत दुपारची सहल अंगाशी येते. त्या दिवसांत शहरातल्या मामा-मावशीकडे आलेली मुले ऊन उतरल्यावरच बगीच्यात नेली जातात. एस.टी.च्या भाड्यात ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना पूर्ण आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मी सवलत मिळाल्यानंतर आजी, सुना आणि नातवंडे असा मेळ घेऊन जाणे पूर्वीपेक्षा स्वस्त झाले आहे.

जेवणाची रीत मात्र जुन्या वनभोजनावरून आली आहे. शेतात किंवा देवस्थानी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजून वांग्याच्या भाजीबरोबर खाणे आणि कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडणे, या दोन्ही चाली विदर्भात रूढ आहेत. निसर्ग उद्यानात चूल पेटवण्यास मनाई असल्याने रोडग्यांची जागा घरून आणलेल्या पोळ्या, धपाटे, ठेचा व चिवडा यांनी घेतली. ही मनाई केवळ वणव्याच्या भीतीने नसते. धुराने आग्या मोहोळ उठते आणि मधमाश्या साऱ्या परिसरावर तुटून पडतात, हे गावकऱ्यांना पाटी वाचण्याआधीच माहीत असते. वानरांना पोळी टाकण्याचा मोह मात्र अनेकांना आवरत नाही. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे वा कचरा करणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.

झाडांच्या बाबतीत खेड्यातील कुटुंब मार्गदर्शकावर फारसे अवलंबून नसते. साग, ऐन, धावडा, सालई, बिबा, टेंभुरणी, चार, बेहडा आणि मोह ही शुष्क पानझडी वनातील झाडे आजी-आजोबा सालीवरून ओळखतात आणि त्यांचे उपयोगही सांगतात, जे नावाच्या पाटीवर क्वचितच लिहिलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमधील पळस किंवा उन्हाळ्यातील बहावा पाहण्यासाठी मुद्दाम कोणी येत नाही, कारण ते गावाच्या वाटेवरही फुलतात. नवलाई वाटते ती फुलपाखरांसाठी केलेल्या बागांची आणि वडाळीसारख्या ठिकाणी एकत्र दिसणाऱ्या परमुलखातील बांबूंची.

उद्यानांच्या वेळापत्रकात मात्र या प्रेक्षकवर्गाचा विचार झालेला दिसत नाही. पक्षी-प्राणी पहाटे व सायंकाळी हालचाल करतात, तर सकाळची पहिली गाडी धरून निघालेले दूरच्या तालुक्यातील कुटुंब फाटकापाशी पोचेपर्यंत अकरा-बारा वाजतात, आणि गावाला जाणारी मुक्कामी गाडी गाठण्यासाठी त्याला दिवस असतानाच परतावे लागते. म्हणून जाणकार मंडळी पौष-माघातील थंडीचे दिवस निवडतात, कारण तेव्हा वाघ-बिबट भर दुपारीही ऊन खात उघड्यावर पडलेले दिसण्याची शक्यता अधिक असते.